फॉर्म भरून टाक

बडोदे

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "स्वतःचं नाव स्वतःच कसं पाठवायचं? बरं दिसत नाही." शेजारी तुझे बाबा बसले होते म्हणून बोलले नाही. आता लिहिते. पाठव. तरुण अर्थतज्ज्ञांसाठी बक्षीस ठेवलंय, तर तू तरुण आहेस आणि अर्थतज्ज्ञही आहेस. यात लाजण्यासारखं काय?

तुमच्या अर्थशास्त्रात संशोधनाच्या पेपरवर लेखकांची नावं बहुतेक इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं छापतात. म्हणजे कितीही राबलीस तरी आपलं वैद्य आडनाव शेवटी. दिवाळीत तुझा पेपर समोरच्या काकूंना दाखवला, तर चष्मा कपाळावर चढवून त्यांनी विचारलं, "यात आपली मनू कुठे गं?" चारांत चौथी! आणि पुढे कुणी त्या कामाचा दाखला दिला की पहिलं नाव, मग 'व इतर'. त्या इतरांत तू. बक्षीस मात्र एकटीच्या नावावर मिळतं. रक्कम किती ते जाऊ दे.

'दुसरा पेपर छापून येऊ दे, मग बघू' हेही मला पटलेलं नाही. तुमच्या जर्नलांत पाठवल्यापासून छापेपर्यंत वर्षंच्या वर्षं जातात, हे तूच सांगतेस. तोवर वयाची अट तुझ्यासाठी थांबणार आहे का? अमेरिकेतलं क्लार्क पदक चाळिशीच्या आतल्या अर्थतज्ज्ञांना देतात. १९४७ साली पहिलं सॅम्युएल्सनना मिळालं आणि पहिल्या बाईला, सुझन अ‍ॅथींना, २००७ साली. साठ वर्षं! नेमक्या त्याच वयात बाईच्या कडेवर मूल असतं, हे नियम करणाऱ्यांच्या ध्यानात आलं नसेल, किंवा आलंही असेल. युरोपातल्या एका मोठ्या संशोधन-अनुदानात पीएचडीपासूनची वर्षं मोजतात आणि दर मुलामागे आईला दीड वर्षाची सवलत देतात. तुझ्या फॉर्ममध्ये अशी सोय आहे का, नीट वाच. असेल तर बाळंतपणाची रजा लिही. संकोच नको.

आपल्या गावाचंच बघ. १९१३ साली सयाजीरावांनी बावीस वर्षांच्या आंबेडकरांना कोलंबियाला अर्थशास्त्र शिकायला पाठवलं, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. तेव्हा कुठे होता त्यांचा प्रबंध? पुढे प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचं पुस्तक निघालं, ते त्यांनी महाराजांनाच अर्पण केलं. अर्थात १९१७ साली नोकरीसाठी ते इथे आले, तेव्हा याच गावानं त्यांना राहायला जागा दिली नाही. कमाटी बागेत त्याची आठवण म्हणून जपलेल्या संकल्प भूमीवरून जाताना मला महाराजांचं कौतुक वाटतं आणि गावाची लाजही वाटते. पण पैसा वेळेवर मिळाला म्हणून पुढचं शिक्षण झालं, एवढं खरं.

तेव्हा असं कर. शिफारसपत्रासाठी गाइडना आजच मेल टाक, आयत्या वेळी मागितलं की चार ओळींत गुंडाळतात. चौघांच्या पेपरात तुझा वाटा कोणता, तो आकड्यांचा भाग कुणी केला, हे स्पष्ट लिही. 'आम्ही केलं' नको, 'मी केलं' लिही. मसुदा मला पाठव; अर्थशास्त्र कळत नसलं तरी तू कुठे अंग चोरलंयस ते कळेल.

आणि छोटूला घेऊन पुढच्या आठवड्यात इकडे ये. मी त्याला बघते, तू वरच्या खोलीत बसून फॉर्म भर. लीलो चिवडा आणून ठेवलाय, बाबांपासून लपवून.

तुझी,
आई