अण्णा, यादी राखल्याबद्दल आभार

प्रिय अण्णा,
सा. न. वि. वि.

आपल्या ट्रेकवाल्यांची ईमेल यादी तुम्ही आता तरुण मंडळींच्या हवाली केलीत. निरोपाच्या दिवशी सगळे तुमच्या घाटवाटांबद्दलच बोलले. मला आभार मानायचेत ते २००४ च्या जानेवारीसाठी.

मायडूम आठवतोय ना, तो ईमेलमधून पसरणारा व्हायरस? २६ जानेवारीला तो जगभर पसरू लागला. विषय 'हाय' किंवा 'टेस्ट', नाहीतर मेल पोचली नसल्याचा आव. सोबत बावीसेक केबीची फाइल. ज्या संगणकात शिरेल तिथले पत्ते उपसायचे आणि त्यातलाच एखादा 'पाठवणारा' म्हणून चिकटवून द्यायचा, ही त्याची रीत. त्यामुळे 'फक्त सभासदांची मेल घ्या' हे कुलूप कुचकामी ठरलं. आपल्या यादीवर ती आली एका ज्येष्ठ सभासदांच्या नावाने, आणि त्यांना काढून टाका म्हणून काय गलका झाला! तुम्ही मेलचा पूर्ण हेडर, म्हणजे तिच्या प्रवासाची एरवी लपलेली नोंद, उघडलात, वाटेतल्या सर्व्हरांनी लिहिलेल्या 'रिसीव्ह्ड'च्या ओळी खालून वर वाचल्यात आणि मेल भलत्याच ठिकाणाहून निघाल्याचं सगळ्यांना दाखवलंत. त्या भल्या माणसाची माफी मागायला मात्र फार थोडे पुढे आले.

मग मेलमनमध्ये, म्हणजे यादी चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, अटॅचमेंट सरसकट बंद केल्यात, सभासदांचे पत्ते ॲडमिनशिवाय कुणाला दिसेनात. हे बऱ्याच जणांना सुचलं असतं. पण ऑफिसच्या पत्त्यांचं काय होतंय, ते तुम्हीच हेरलंत. कंपन्यांचे सर्व्हर व्हायरसवाली मेल परत फेकत होते आणि यादीचा प्रोग्रॅम समजत होता की पत्ताच मेला. बाउन्सचे, म्हणजे परत आलेल्या मेलचे, गुण पाचावर गेले की सभासदत्व थांबायचं. व्हायरस एकाच्या मशीनवर, आणि यादीतून गळायचे भलतेच! तुम्ही प्रोग्रॅमला जुमानलं नाहीत. रात्री डायल-अपवर बसून बंद पडलेले पत्ते हाताने पुन्हा चालू केलेत. त्यात माझाही होता. नाहीतर पावसाळ्याआधीच्या रतनगडाचा निरोप मला मिळालाच नसता, आणि का मिळाला नाही हेही कळलं नसतं.

एक तक्रार तेवढी आहे. तुमच्या त्या चाळणीने कोकणकड्याचे फोटोही छाटले. मूळ फोटो कुठल्या सीडीवर असतील तर बघा, मी येऊन घेऊन जाईन.

आपला,
यादीतला एक भटक्या