हाताच्या थरथरीबद्दल

नौपाडा, ठाणे
रविवार रात्र

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर 'बाबा, लेक्चर नको' म्हणालीस, म्हणून लिहायला बसलो. पत्र मधेच कट करता येत नाही.

दिवाळीत पहाटे चहा घेताना तुझा कप बशीवर किणकिणत होता. आई म्हणाली, थंडी वाजत असेल. ठाण्यात, ऑक्टोबरात! तू अंघोळीला गेल्यावर मी तुझी बॅग उघडली, त्याबद्दल रागाव हवं तर. दम्याचे दोन रिकामे पंप, तिसरा संपत आलेला, आणि कात्रीनं कापलेला स्ट्रिपचा तुकडा. त्यात प्रोप्रॅनोलॉल या हृदयाच्या औषधाच्या चार गोळ्या. रूममेटनं दिल्या, व्हायव्हाच्या आधी घेतल्या की हात स्थिर राहतो म्हणून. अजून एकही घेतलेली नाहीस, हे तुझं म्हणणं मी खरं धरतोय.

ठाणे स्टेशनवर फास्ट गाडीची घोषणा झाली की काय होतं? कुणी पिशवी सावरून धावतं, कुणी मागे सरकतं, कुणी ढिम्म. घोषणा एकच. भीती वाटली की अंगात ॲड्रेनॅलिन नावाचं संप्रेरक सुटतं, तेव्हा तसंच होतं. कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, हृदय धावतं आणि श्वासनळ्या सैल पडतात. ही घोषणा ऐकणारे पेशींवरचे कान दोन जातींचे, अल्फा आणि बीटा, असं रेमंड आल्क्विस्ट या अमेरिकी औषधशास्त्रज्ञानं १९४८ मध्ये मांडलं. पुढे बीटाचेही प्रकार निघाले. बीटा-१ मुख्यतः हृदयात, बीटा-२ श्वासनळ्यांत. एखाद्याला औषधाची किंवा मधमाशीच्या डंखाची भयंकर ॲलर्जी येते, बीपी कोसळतं, घसा सुजतो, तेव्हा मांडीत ॲड्रेनॅलिनचंच इंजेक्शन देतात, कारण तिथे हे सगळेच कान एकदम जागे व्हायला हवे असतात.

दम्याला मात्र फक्त श्वासनळी उघडायची असते. तुझ्या आजोबांना एफेड्रिनच्या गोळ्या असत. धाप थांबायची, पण छाती धडधडायची आणि झोप उडायची. पहाटे चारला ते तलावपाळीला फेऱ्या मारत बसायचे. १९६९ साली सालब्युटामॉल बाजारात आलं, तुझ्या पंपात आहे तेच. ते बीटा-२ शी जास्त बोलतं, हृदयाशी कमी. पाचेक मिनिटांत छाती मोकळी होते आणि चार ते सहा तास टिकते. पण हातापायाच्या स्नायूंतही बीटा-२ असतात ना! कप किणकिणला तो त्यामुळे. डोस फार झाला तर धडधड वाढते, रक्तातलं पोटॅशियमही उतरतं.

आता हिशोब बघ. एका पंपात २०० फवारे. जूनपासून तीन पंप, म्हणजे दिवसाला सरासरी चार. आणि ते दिले कुणी? मीच. औषधाच्या दुकानात गल्ल्यावर बसून गिऱ्हाईकाला 'चिठ्ठी कुठाय' विचारणारा मी, तू आलीस की शेल्फवरून काढून हातात ठेवत गेलो. वर्षाला तीन पंप लागणं हीच धोक्याची खूण मानतात, हे मला माहीत असून. पंप फक्त नळी सैल करतो, आतली सूज तशीच राहते. सूज उतरवतो तो स्टेरॉईडचा पंप, आणि तो तू जाडी होशील म्हणून बंद केलास. त्यातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो गं, आणि तो थेट छातीत जातो, रक्तात फार थोडा उतरतो. घशात बुरशी होऊ नये म्हणून चूळ भरायची, एवढंच सांभाळायचं.

त्या गोळीबद्दल नीट वाच. प्रोप्रॅनोलॉल सर जेम्स ब्लॅक यांनी शोधलं, त्यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं, आणि हृदयाच्या कितीतरी रुग्णांना त्यानं जगवलं. ते बीटाच्या कानांत बोळे घालतं, म्हणून थरथर थांबते. पण बोळे घालताना ते हृदय आणि श्वासनळी असा भेद करत नाही. दमेकऱ्याची नळी त्यानं अशी आवळू शकते, की वर पंप मारला तरी त्याचं ऐकायला कुणी उरत नाही. रूममेटला दमा नाही, तिनं मायेनं दिलं. तिला ओरडू नकोस, फक्त गोळ्या परत कर आणि कारण सांग. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय तिनंही त्या घेऊ नयेत, पण ते तिच्या बाबांनी बघावं.

हसू नकोस, पण आईचंही तेच चाललंय. नाकात टाकायचे झायलोमेटाझोलिनचे थेंब ती महिनाभर ओढतेय. ते अल्फावाले, नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतात. आठवड्याच्या वर टाकले की थेंबांमुळेच नाक चोंदायला लागतं. बाटली मी लपवली, तिनं दुसऱ्या दुकानातून आणली.

बुधवारी तुझी चेस्ट फिजिशियनकडे साडेपाचची वेळ घेतलीय. रिकामे पंप बरोबर ने, त्यांना मोजू दे. पार्सलमध्ये चकलीच्या डब्याखाली स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळी, आहे. यापुढे दुकानातून पंप मिळेल तो चिठ्ठी दाखवूनच, इतर गिऱ्हाइकांसारखा.

तुझा,
बाबा