हुसकावलेल्या थव्याचे फोटो छापू नका

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण उजनी धरणाच्या पाण्याकाठी असलेल्या भिगवणच्या रोहित पक्ष्यांचा (फ्लेमिंगोंचा) पान अडवणारा रंगीत फोटो छापलात. रंग सुरेखच आहेत, तक्रार त्याबद्दल नाही. पण नीट पाहा: अख्ख्या थव्याची कॅमेऱ्याकडे पाठ आहे आणि मागचे पक्षी अजून पाण्यावरून धावतायत. नाव थेट अंगावर नेली की रोहित असेच उठतात.

मी हडपसरला राहते, बँकेत नोकरी करते आणि थंडीत सवड मिळाली की पहाटेच सोलापूर रस्त्याला लागते. भिगवणजवळच्या कुंभारगावच्या काठावर "उडवू का मॅडम?" हा प्रश्न ठरलेला. नावाड्याला मी दोष देणार नाही. उजनीच्या पाण्यावर मासे धरून पोट भरणाऱ्याला 'फ्लाइट शॉट'चे, म्हणजे उडत्या थव्याच्या फोटोचे, वरचे पैसे मिळतात ही सवय आपण पुण्याहून जाणाऱ्यांनीच लावली. शिवाय मोठी लेन्स घेऊन गेलं की मोकळ्या हाताने परत यायला लाज वाटते म्हणे!

रोहित उथळ पाण्यात चोच उलटी धरून बारीकसारीक जीव आणि शेवाळ गाळून खातो. या खाण्याला निवांतपणा लागतो. पट्टकदंब हंस बहुधा रात्री शेतात चरतात आणि दिवसा काठावर विसावतात. उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांना हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडे परतायचं असतं. त्या प्रवासासाठी अंगावर चढवलेली चरबी ते आपल्या नावेपासून पळण्यात जाळतात.

बरं, उडते पक्षी टिपायला त्यांना उडवावं लागतच नाही. पाणथळीवर मार्श हॅरियर, म्हणजे आपला भोवत्या, गवताच्या वरून संथ घिरट्या घालत येतो. तो दिसला की वारकरी, थापट्या, तलवार बदकं असे सगळेच पाणपक्षी फडफडून उठतात. शिकारी आणि सावज एकाच चौकटीत मिळतात. यापेक्षा चांगलं चित्र कोणत्या नावेने मिळणार? थव्यापासून बरंच अलीकडे नाव बांबू रोवून थांबवायची, शटर १/२००० सेकंदावर ठेवायचं आणि वारा पाठीवर घ्यायचा. पक्षी वारा येतो त्या दिशेला तोंड करून झेप घेतात, त्यामुळे ते तुमच्याकडे चेहरा करून उठतात. कधी सकाळभर काहीच होत नाही, हेही खरं. अशा वेळी ऑस्प्रे हा मासेखाऊ शिकारी पक्षी वाळक्या झाडावर बसून मासा फाडत असला तर मी तेवढ्यावर खूश असते.

आपल्याला एकच विनंती. वाचकांचे फोटो मागवता तेव्हा कॅमेरा आणि लेन्सबरोबर 'पक्षी कशामुळे उडाले' हेही विचारा. छायाचित्र स्पर्धांच्या परीक्षकांनीही हाच प्रश्न विचारावा. पाठमोरे थवे छापून येणं बंद झालं की नावेतला तो दर आपोआप उतरेल. नावाड्याला मात्र पक्षी न उडवल्याबद्दल ठरल्यापेक्षा थोडे जास्त द्या. मी देते.

— एक हौशी छायाचित्रकार, हडपसर, पुणे