मँगोस्टीन जरूर खा, बाटली मागवू नकोस

प्रिय नंदू,

पत्रास कारण तूच. मँगोस्टीनच्या फायद्यांचा तो लांबलचक फॉरवर्ड पाठवलास आणि खाली फक्त 'अण्णांसाठी याचा रस मागवू का?' एवढंच विचारलंस. फोनवर हो किंवा नाही सांगून मोकळा झालो असतो. पण नुकतंच हे फळ मी पहिल्यांदा खाल्लं, त्याच्या नादात बरंच वाचूनही काढलं. तेव्हा आता सगळं ऐकून घ्यावं लागेल.

आधी फळ. दिसायला काही खास नाही: जांभळट काळं, मुठीत मावेल एवढं, डोक्यावर जाड हिरवी टोपी. गंमत बुडाशी आहे. तिथे एक चपटं फुलासारखं नक्षीकाम असतं. ती फुलाची कुक्षी, फळ धरल्यावरही तिथेच चिकटून राहिलेली. तिच्या पाकळ्या मोजायच्या. जितक्या पाकळ्या तितक्या आत फोडी. माझा यावर विश्वास बसेना. माझ्या फळाला सहा पाकळ्या होत्या, फोडलं तर आत सहाच फोडी. मग काय, घरातल्या प्रत्येकाने आपापलं फळ उलटं करून मोजलं.

कापायची एक पद्धत आहे. सुरी आरपार घालायची नाही, मधोमध गोल उथळ चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी पिळल्यासारखं फिरवायचं. वरचा अर्धा भाग टोपणासारखा निघून येतो. साल चांगली जाड, आतून गडद लालसर, आणि तिचा रस कपड्यावर पडला की डाग जाता जात नाही. तिच्यात मधोमध सोललेल्या लसणाच्या गड्ड्यासारखा पांढराशुभ्र गर बसलेला. लहान फोडी बहुधा बिनबियांच्या, एखाद-दुसऱ्या मोठ्या फोडीत बी. ती चावू नकोस, कडू लागते. चव आधी गोड, तिच्यामागून लगेच आंबट, आणि जिभेवर काही चिकटून राहत नाही. गर चावावा लागतच नाही. या फळाला 'फळांची राणी' का म्हणतात ते पहिल्याच फोडीत कळलं. (व्हिक्टोरिया राणीने हे फळ आणून देणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं होतं, ही गोष्ट तुझ्या फॉरवर्डमध्येही आहे. तिला भक्कम पुरावा नाही, सोडून दे.)

घेताना साल दाबून बघ. किंचित दबली पाहिजे. दगडासारखी कडक असेल तर फळ जुनं झालेलं. आत गरावर पिवळा चीक उतरलेला दिसला तर तेवढी फोड टाकून दे, कडूजहर असते.

झाडही मोठं हट्टी. मूळचं आग्नेय आशियातलं. दमट उष्ण हवा हवी. पारा ४-५ अंशांखाली गेला की झाड मरतं. बी लावल्यापासून फळ धरायला आठ-दहा वर्षं सहज जातात. आणि बी म्हणतो ती खरी बी नव्हेच, ती परागीभवनाशिवाय तयार होते. म्हणजे रोप हे जवळजवळ आईचीच नक्कल.

आता फायदे. तुझ्या फॉरवर्डमध्ये पहिलाच फायदा 'क जीवनसत्त्वाचा खजिना' असा आहे. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात १०० ग्रॅम मँगोस्टीनमागे क जीवनसत्त्व जेमतेम ३ मिलिग्रॅम आहे. मोठ्या माणसाची दिवसाची गरज ८० मिलिग्रॅमच्या आसपास, तेव्हा खजिना कुठला? तोही तक्ता डबाबंद, पाकात घातलेल्या फळाचा आहे. ताज्यात थोडं अधिक असेल, पण एवढी तफावत भरून निघणार नाही. त्याच तक्त्यात ७३ कॅलरी, १८ ग्रॅम कर्बोदकं आणि पावणेदोन ग्रॅमच्या आसपास तंतू. थोडं फोलेटही (ब गटातलं एक जीवनसत्त्व) मिळतं. एक बरं, साधं फळ, एवढंच.

मग कर्करोगापासून सांधेदुखीपर्यंतचे दावे आले कुठून? झँथोन नावाच्या द्रव्यांमधून. त्यातलं मुख्य अल्फा-मँगोस्टीन. प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर त्याचे परिणाम खरोखर दिसले आहेत. सूज कमी होते, काही जिवाणू मरतात. ते कोणी नाकारत नाही. पण ही द्रव्यं मुख्यतः सालीत असतात, जी तू आणि मी कचऱ्यात टाकतो. पांढऱ्या गरात ती नगण्य. आग्नेय आशियात जुलाब-आमांशावर वापरतात तीही वाळवलेली सालच, तिच्यात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असतं म्हणून. शिवाय अल्फा-मँगोस्टीन पाण्यात नीट विरघळत नाही, पोटातून रक्तात फारसं पोचत नाही. बशीतल्या पेशीवर चाललं ते माणसात चालेलच असं नाही, आणि माणसांवरचे मोठे, नीट केलेले प्रयोग फार थोडे आहेत.

बाटल्यांची गंमत तर याहून मोठी. फळमाशीच्या भीतीने अमेरिकेत आशियातून ताजं मँगोस्टीन न्यायला २००७ पर्यंत बंदी होती. मग थायलंडहून, माशीच्या बंदोबस्तासाठी किरणांचा मारा करून, ते जाऊ लागलं. रसाच्या बाटल्या मात्र तिथे त्याआधीच धडाक्यात खपत होत्या. फळ कोणी चाखलेलं नाही आणि त्याचे गुण सगळ्यांना पाठ! त्या रसात बहुतेकदा सालीचा लगदा असतो, आणि तो कडू लागू नये म्हणून इतर गोड फळांचे रस घालतात.

म्हणून अण्णांसाठी बाटली नको. त्यांना साखर आहे, आणि रसात तंतू गेलेले, गोडवा तेवढा शिल्लक. त्यातून ते रक्त पातळ करणारी गोळी घेतात असं तू मागे म्हणाला होतास. सालीच्या अर्काने रक्त गोठण्यावर परिणाम होण्याची शक्यता सांगितली जाते. डॉक्टरांना न विचारता अर्क किंवा कॅप्सूल तर मुळीच देऊ नकोस. आख्खं फळ मात्र खुशाल दे, जेवणातल्या कर्बोदकांच्या हिशोबात धरून. एक-दोन पुरे. अण्णांना मोजायची हौस आहेच. त्यांच्या हातात उलटं फळ दे आणि आत किती फोडी निघतील ते ओळखायला सांग.

फॉरवर्ड तुला ज्यांनी पाठवला त्यांच्याशी वाद घालत बसू नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. अण्णांच्या पुढच्या तपासणीत साखर किती आली ते कळव. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुहास