वेफर्सच्या पाण्यातले प्लॅस्टिक

महोदय,

वेफर्ससाठी बटाट्याचे काप धुतलेले पाणी सर्रास मोरीत जाते. त्यातल्या स्टार्चपासून घरच्या घरी प्लॅस्टिकसारखा पापुद्रा करता येतो. त्यासाठी हे पाणी तासभर हलवू नये. तळाशी पांढरा स्टार्च बसतो. वाळवलेला १० ग्रॅम स्टार्च, ६० मिली पाणी, ५ मिली व्हिनेगर, ५ मिली ग्लिसरीन मंद आचेवर सतत ढवळावे. साधारण ६५ अंशांपुढे ते घट्ट होते. पारदर्शक होताच उतरवावे. उकळल्यास बुडबुडे राहतात आणि पापुद्रा नेमका तिथेच फाटतो. ताटावर पातळ पसरून दोन दिवस सावलीत वाळवावे. ग्लिसरीन कमी पडले तर तडे जातात, जास्त झाले तर चिकटते.

पावसाळ्यात या पापुद्र्याला बुरशी येते, ओल्या भाजीलाही तो टिकत नाही. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत त्याला ‘प्लॅस्टिकचा पर्याय’ म्हणण्याआधी मुलांना तो पाण्यात बुडवून दाखवावा, ही कळकळीची विनंती.