शेवटची ओळ आधी वाच: काकांना एक अनावृत पत्र

तीर्थस्वरूप काकांस,
शि. सा. न.

पत्र अनावृत का, ते आधी सांगते. नाहीतर तुम्ही चष्मा कपाळावर चढवून काकूंना म्हणाल, "हिला फोन करता येत नाही?" फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता. मागच्या वेळी सरळ आंब्याच्या मोहोरावर नेलात. शिवाय हल्ली छापखान्यात आणि इमारतीत मला कॉम्प्युटरचं विचारायला चारजण येतात. त्यांना मी जे सांगते ते सगळं तुमचं. ते कुठून आलं हे त्यांनाही कळू दे. नाव लिहीत नाही. करी रोडच्या आपल्या चाळीतल्यांना वेगळं सांगायला नको, बाकीच्यांना 'टेलिफोनवाले काका' एवढं पुरे.

मी बी.कॉम. झालेली, लोअर परळच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या छापखान्यात हिशेब बघणारी. बँकेचं स्टेटमेंट आणि आमची खातेवही यांचा मेळ हाताने घालून डोळे दुखायला लागले म्हणून पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकायचं ठरवलं. दादरच्या एका क्लासची फी भरली होती. तिथे डेटा टाइपचे प्रकार पाढ्यांसारखे पाठ करून घ्यायचे, आणि प्रश्न विचारला की "पुढच्या मॉड्यूलमध्ये येईल" म्हणायचे. म्हणून किंग्ज सर्कलच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडून एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यातला पहिला तीन ओळींचा प्रोग्राम काना-मात्रा न बदलता उतरवला, तर स्क्रीनवर लाल अक्षरं.

तुम्ही आमच्याकडे कसलंसं बिल द्यायला आला होतात. माझा प्रोग्राम बघितलाच नाहीत. पुस्तक हातात घेतलंत आणि छपाईचं साल शोधलंत. मग म्हणालात, "हे पायथन २ चं आहे गो. ३ आलं २००८ साली. २०२० च्या १ जानेवारीला २ ची देखभालही थांबली. प्रिंटच्या हुकमाला कंस लाव." आणि मग लाल अक्षरांच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलंत. प्रिंटला कंस नाही हे तिथे स्वच्छ इंग्रजीत लिहिलेलं होतं.

तेव्हापासून तुमचा नियम सुरू झाला: एरर आली की शेवटची ओळ आधी वाच, मोठ्याने वाच, आणि काय लिहिलंय ते मराठीत सांग. मला हा नियम अतिशय कंटाळवाणा वाटायचा. पण पायथनची लांबलचक एरर खरोखरच तशी लिहिलेली असते. सगळ्यात अलीकडचं सगळ्यात खाली, आणि ते कुठून आलं ते एकेक पायरी वर. वरून वाचायला लागलं की आपण दुसऱ्याच कुणाच्या तरी कोडमध्ये भटकत बसतो.

'कीएरर'चा दिवस तुम्हाला आठवत असेल. बँकेच्या फाइलमध्ये रकमेचा रकाना डोळ्यांना दिसतोय आणि पायथन म्हणतंय, असा रकानाच नाही. मी बँकेला नावं ठेवायला सुरुवात केली होती. तुम्ही म्हणालात, "तुला काय वाटतं ते नंतर. त्याला काय दिसतं ते छापून बघ." रकान्यांच्या नावांची यादी छापली. प्रत्येक नाव अवतरणचिन्हात आलं, आणि रकमेच्या नावापुढे, चिन्ह बंद होण्याआधी, एक मोकळी जागा. एवढंच. कडेच्या मोकळ्या जागा छाटणारं 'स्ट्रिप' लावलं आणि मेळ लागला. त्या संध्याकाळी काकूंनी केलेले घावणे मी किती खाल्ले ते इथे लिहीत नाही.

मराठीच्या बाबतीत मात्र आपण दोघेही लहान मुलांसारखे खेळलो. पायथनच्या अक्षरं मोजणाऱ्या 'लेन'ला 'मुंबई' दिलं तर तो ५ सांगतो. कारण म, उकार, अनुस्वार, ब आणि ई हे त्याच्या लेखी वेगवेगळे. मजकुराचा आकडा करणाऱ्या 'इंट'ला देवनागरीत १९९५ दिलं तर तो निमूट खरा आकडा करून देतो, हे पाहिल्यावर तुम्ही टाळीच वाजवलीत. ग्राहकांची मराठी नावं असलेली फाइल एक्सेलमध्ये उघडली की जो कचरा दिसायचा, त्यावर 'यूटीएफ-८-सिग' हे एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत, तुम्हीच शोधून दिलंत. फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटांची खूण बसते आणि एक्सेल ओळखतं, की हे युनिकोड आहे. छापखान्यातल्या निम्म्या लोकांना मी त्या एका शब्दामुळे हुशार वाटते. व्हेरिएबलची, म्हणजे प्रोग्राममध्ये किमती ठेवायच्या खणांची, नावं देवनागरीत ठेवायला तुमचा विरोध होता, कीबोर्ड सारखा बदलावा लागतो म्हणून. तो मी मानला नाही. माझ्या स्वतःच्या छोट्या प्रोग्राममध्ये अजून 'रक्कम' आणि 'बाकी' आहे आणि राहील.

हे सगळं चाललं होतं तोवर मी हिशेबवालीच होते. नेटवर्क माझ्या गळ्यात पडलं ते दिवाळी अंकांच्या हंगामात. आर्टवर्कच्या अवाढव्य फाइली डिझायनरच्या मशीनवरून सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक मशीनवर, जातात, तिथून प्लेट काढणाऱ्या मशीनकडे. आणि दुपारी मधूनच सर्व्हरचं फोल्डर गायब व्हायचं. सगळ्यांचं नाही, दोघा-तिघांचं. ज्यांनी सर्व्हर बसवून दिला होता ते फोनवर सांगायचे, "पिंग करा. उत्तर येतंय ना? मग सर्व्हर चालू आहे. एकदा रीस्टार्ट करा." पिंग म्हणजे त्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का बघणं. रीस्टार्ट केलं की चालायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मालक वैतागले. "तुला ते पायथन येतं ना, मग बघ" म्हणाले. मालकांच्या दृष्टीने कॉम्प्युटर म्हणजे सगळं एकच.

जेवणाच्या सुट्टीत तुम्हाला फोन केला. तुम्ही एकदाही 'असं असेल' म्हणाला नाहीत. टेलिफोन खात्यातली तुमची सवय, पुढे १९८६ साली एमटीएनएल झालं तरी तीच: पावसाळ्यात लाइन खरखरली की आधी जॉइंट उघडून पाणी शिरलंय का बघायचं, एक्स्चेंजला शिव्या मागाहून. मला विचारलंत, पोर्टवरचा दिवा लागतोय का. मग मशीनला पत्ता मिळालाय का, पत्ते वाटणारा राऊटर दिसतोय का, सर्व्हरच्या आकडी पत्त्याने जाता येतं आणि नावाने अडतं असं काही आहे का. सगळं ठीक. मग म्हणालात, "आता चालू आहे ना, मग एआरपीची यादी लिहून घे. बंद पडलं की पुन्हा घे. दोन्ही समोर ठेव आणि मग फोन कर."

एआरपी म्हणजे कोणता आयपी पत्ता कोणत्या नेटवर्क कार्डाचा, ही प्रत्येक मशीनने ठेवलेली नोंद. सकाळच्या यादीत १९२.१६८.१.५० समोर सर्व्हरच्या कार्डाचा क्रमांक. दुपारच्या यादीत त्याच पत्त्यासमोर भलताच क्रमांक. त्या क्रमांकाचा पहिला अर्धा भाग कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा असतो हे तुम्ही सांगितलंत. शोधला, तर प्रिंटर बनवणारी कंपनी निघाली. डिस्पॅचमधला लेबलांचा जुना प्रिंटर, जो दुपारी माल निघायच्या वेळेलाच चालू करतात!

सर्व्हरला पत्ता हाताने दिलेला होता, आणि राऊटरला शेवटचा आकडा २ ते २५४ असलेले सगळे पत्ते वाटायची मुभा होती. त्याने तोच पत्ता प्रिंटरलाही देऊन टाकला. पिंगला जे उत्तर येत होतं ते प्रिंटर देत होता. रीस्टार्ट केल्यावर चालायचं, कारण सर्व्हर उठून बोलायला लागला की बाकीच्या मशीन त्याची नोंद नव्याने करायच्या. पुन्हा प्रिंटरने तोंड उघडेपर्यंत. राऊटरने १०० ते २०० एवढेच पत्ते वाटायचे, सर्व्हर आणि प्रिंटर त्याच्या बाहेर, असं ठरवलं आणि तो खेळ संपला. पत्त्यांची वही तुम्ही ठेवायला लावलीत. ती अजून रॅकच्या दाराला सुतळीने बांधलेली आहे. पिंग १९८३ साली माइक मूस यांनी लिहिला आणि नाव पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून दिलं, हे तुम्ही रंगवून सांगायचात. मी आता पोरांना ते सांगते आणि पुढे प्रिंटरची गोष्ट जोडते: आवाज परत आला, पण कुणावर आपटून आला ते बघा.

फाइली हळू जायच्या तो दोष सोपा होता. नेटवर्क कार्डाची माहिती देणाऱ्या एथटूलने विचारलं, तर वेग सेकंदाला १०० मेगाबिट, हजार नव्हे. दोन जीबीच्या फाइलला तीन मिनिटं. शंभरला केबलमधल्या तारांच्या चारपैकी दोनच जोड्या लागतात, हजाराला चारही, म्हणजे एखादी जोडी तुटली असणार. त्यासाठी तुम्ही स्वतः आलात, लॅमिंग्टन रोडवरून कधीकाळी घेतलेला क्रिंपर, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवायची पकड, पिशवीत घालून. कपाटाच्या पायाखाली चेपलेली केबल काढलीत आणि तारा माझ्याकडून लावून घेतल्यात: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पहिला जोड मी कापून टाकला कारण निळा आत पोचलाच नव्हता. दुसरा बसला. फाइल वीस सेकंदांच्या आत गेली, आणि प्लेटवाल्या मामांनी चहा मागवला.

मात्र माझ्या आवडीची गोष्ट तिसरी. कोणत्या कामाची प्लेट निघाली, कोणती बाकी, हे दाखवणारं एक पान मी फ्लास्कमध्ये, म्हणजे पायथनमधून वेबपानं दाखवायच्या साधनात, केलं होतं. सर्व्हरवर उघडायचं, दुसऱ्या कुठल्याही मशीनवरून नाही. ब्राउझर बराच वेळ फिरायचा आणि टाइम आउट म्हणायचा. तुम्ही फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांना अडवणारा पहारा, बघायला सांगितलीत. तिथे त्या पानाचा ५००० नंबरचा पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, बंद होता, तो उघडला. तरीही नाहीच, पण आता लगेच 'रिफ्यूज्ड'. मी रडकुंडीला आले आणि तुम्ही फोनवर खूश! "अगो, एरर बदलली! चाळीत कडी वाजवली आणि आतून आवाजच नाही, ते टाइम आउट. आता दार उघडून कुणीतरी सांगतंय, इथे या नावाचं कोणी राहत नाही. म्हणजे घरापर्यंत पोचलीस." फ्लास्क मुळात १२७.०.०.१ वरच ऐकत बसतं, म्हणजे फक्त त्याच मशीनवरून आलेल्याचं. होस्टच्या जागी ०.०.०.० लिहिलं आणि पान डिझायनरच्या स्क्रीनवर आलं. लगेच दम दिलात, की हे ऑफिसच्या आतच ठीक, फ्लास्कचा हा घरगुती सर्व्हर बाहेर इंटरनेटवर मांडायचा नाही. नाही मांडला.

काका, तुम्हाला हे सगळं एका फोनमध्ये उरकता आलं असतं. घरी येऊन कीबोर्ड ओढून घेतला असता, तर दहा मिनिटांचं काम होतं. तुम्ही जेवण बाजूला ठेवून माझ्या याद्या ऐकत बसलात, एका वेळी एकच प्रश्न विचारत. त्यातल्या कितीतरी प्रश्नांची उत्तरं तुम्हाला आधीच माहीत होती हे मला फार उशिरा लक्षात आलं. त्याबद्दल मनापासून आभार. काकूंचेही, कारण गार झालेलं जेवण त्या पुन्हा गरम करत होत्या.

आता हिशेब अर्धा दिवस, उरलेला अर्धा सर्व्हर. पगार वाढला, हे आईने तुम्हाला कळवलं असेलच. नवीन आलेल्या मुलाला परवा एरर मोठ्याने वाचायला लावली. त्याने माझ्याकडे जसं बघितलं, तशीच मी तुमच्याकडे बघायचे.

मे महिन्यात कणकवलीला तुमच्याकडे येते. तुमच्या घरच्या राऊटरचा पासवर्ड मागच्या खेपेस बघितला तेव्हा ॲडमिन-ॲडमिन होता. चिरंजीवांनी बसवलाय हे मला माहीत आहे, पण काका, दोष कुणाचा ते नंतर बघू. आधी बदला.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची