जाळी रिकामी करणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

खुब्याची वाटी खचून जिथे हाडच उरलेलं नाही, तिथे टायटॅनियमची जाळीदार वाटी बसवली जाते. शस्त्रक्रियेच्या नोंदीत सर्जनचं नाव येतं. आराखड्यावर आरेखकाची सही असते. ही वाटी धातूची पावडर थराथराने वितळवून त्रिमितीय (थ्रीडी) छपाईने बनते; छपाईनंतर त्या जाळीतून उरलेली पावडर काढणाऱ्याचा उल्लेख कुठेच नसतो, आणि हाड तर वाढतं तुम्ही मोकळ्या केलेल्या जागेत. म्हणून हे आभार सगळ्यांसमोर मानतो आहोत.

आमचं काम आकड्यांचं. भरीव टायटॅनियम मिश्रधातूचा ताठरपणा सुमारे 110 गिगापास्कल, हाडाच्या टणक कवचाचा साधारण 15 ते 20. इतका ताठर धातू भार स्वतःच ओढून घेतो, शेजारच्या हाडाला काम उरत नाही आणि ते विरळ होत जातं. 70 टक्के पोकळी ठेवली की ताठरपणा 10 गिगापास्कलच्या आसपास उतरतो. जाळीच्या काड्या 300 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), छिद्रं 600 मायक्रॉनची. पडद्यावर सगळं सुबक. यंत्रातून वाटी बाहेर येते तेव्हा मात्र यातलं एकूणएक छिद्र पावडरने भरलेलं असतं.

तुम्ही घालून दिलेला क्रम आता आमच्या कार्यपत्रिकेत पहिल्या ओळीत आहे: पावडर आधी, भट्टी आणि पाणी नंतर. पावडर आत राहून वाटी छपाईतला ताण घालवायला भट्टीत गेली की कण एकमेकांना आणि काड्यांना चिकटतात. मग ते कंपनाने हलत नाहीत, हवेनेही नाही. छपाईच्या पाटापासून वाटी तारेने कापून सोडवताना पाणी आत गेलं तर त्याच पावडरचा चिखल होतो. लेझरच्या छपाईत निदान ती सुटी तरी असते. इलेक्ट्रॉन झोताच्या यंत्रात ती मुळातच अर्धवट भाजलेल्या ढेपेसारखी निघते आणि त्याच मिश्रधातूच्या पावडरचा हवेने मारा करूनच फोडावी लागते. दुसरा खरखरीत कण वापरला तर तोच जाळीत अडकून बसतो. बारीक टायटॅनियम पावडर पेट घेते, हे ओळखून साधा व्हॅक्यूम क्लीनर त्या खोलीत तुम्ही येऊच दिला नाहीत, त्याबद्दल वेगळे आभार.

वजनाची युक्तीही तुमचीच. 40 घनसेंटीमीटरच्या जाळीत 70 टक्के पोकळी, म्हणजे धातू 12 घनसेंटीमीटर. घनता घनसेंटीमीटरला 4.43 ग्रॅम धरली तर वजन 53 ग्रॅम. सुटी पावडर जागेचा निम्म्याहून थोडा जास्त भाग व्यापते, म्हणजे एक घनसेंटीमीटर पोकळी तुंबली की काटा सुमारे अडीच ग्रॅम जास्त दाखवतो. हिशेब सोपा वाटतो, पण आम्ही त्यात फसलो असतो. अर्धवट वितळलेले कण चिकटून काड्या आराखड्यापेक्षा जाड छापल्या जातात आणि पूर्ण स्वच्छ वाटीसुद्धा जड भरते. त्यामुळे तुलना संगणकातल्या आकड्याशी करायची नाही; त्याच खेपेत छापलेल्या, सगळ्या बाजूंनी उघड्या अशा छोट्या नमुना-ठोकळ्याशी करायची. शिवाय काटा किती अडकलंय ते सांगतो, कुठे ते सांगत नाही. त्यासाठी सीटी स्कॅन लागतोच.

चिकटलेले कण आम्लाने खाऊन टाकावेत, हा आमचा आग्रह तुम्ही थोपवलात ते बरं झालं. आम्ल बाहेरच्या काड्या जास्त खातं, आतपर्यंत पोचेस्तोवर त्याचा जोर सरतो. 300 मायक्रॉनची काडी प्रत्येक बाजूने 25 मायक्रॉन झिजली तर 250 उरते, आणि गोल काडीचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घातात घटतो. म्हणजे निम्म्याहूनही कमी उरतो! बाहेरच्या ज्या थराला हाड पहिल्यांदा भेटणार, नेमका तोच लुळा पडतो.

चूक बहुतेकदा आमच्या आराखड्यात असते, हेही तुमच्यामुळे उमगलं. तीन बाजूंनी भरीव भिंत आणि आत खोल जाळी, म्हणजे पावडरला बाहेरची वाटच नाही. हाडाकडची दोन-तीन मिलिमीटर जाळी पुष्कळदा पुरते, आतला गाभा भरीव चालतो. जिथे खोल जाळी लागतेच तिथे स्क्रूची भोकं त्या पोकळीतून न्यावीत आणि त्यांच्याभोवती अखंड नळी काढू नये, म्हणजे तीच भोकं पावडरची मोरी होतात.

राहिलेला कण सांध्याच्या सरकत्या पृष्ठभागांत शिरला तर घासत राहतो, हे सर्जन मंडळी जाणतात. त्यांनाही तुमची एक सूचना पोचवली आहे: मापासाठी प्लास्टिकची प्रतिकृती वापरा, खरी वाटी शेवटच्या क्षणापर्यंत पाकिटात ठेवा आणि गॉजने पुसू नका, कारण त्याचे धागे काड्यांत अडकतात. रक्त लागलेली जाळी धुऊन पुन्हा वापरण्याचा तर प्रश्नच नाही. अर्थात वाटी पक्की बसलीच नाही आणि हाडाशी 150 मायक्रॉनच्या वर हलत राहिली, तर तिथे हाडाऐवजी तंतुमय ऊती भरते. तो दोष तुमच्या माथी नाही.

यापुढे प्रत्येक आराखड्यावर पावडर निघण्याची वाट निळ्या रेषेने काढून पाठवू, आणि खेपेबरोबर नमुना-ठोकळाही छापू. रेषा दिसली नाही तर कागद बिनदिक्कत परत पाठवा.

आपले,
आरेखन आणि शस्त्रक्रिया गटातले सहकारी